कोविड-१९ महामारी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था होय, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेत केलेली आहे. ही व्याख्या रुग्णाला जितकी लागू पडते, तितकीच रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही लागू पडते. परंतु व्यवहारात तिचा दुसरा भाग सहसा विसरला जातो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याची घोषणा केली. या तीन वर्षांत रुग्णसंख्या, खाटा, प्राणवायू, औषधे आणि लस यांची मोजदाद दररोज झाली. ज्यांच्या हातून ही सर्व व्यवस्था चालली त्या डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक, तंत्रज्ञ, रुग्णवाहिका चालक, सफाई कामगार आणि आशा कार्यकर्ती यांच्या मनावर या काळाने काय परिणाम केला, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला. बीडसारख्या ग्रामीण व दुष्काळप्रवण जिल्ह्यात या प्रश्नाचे स्वरूप महानगरांपेक्षा वेगळे आहे, म्हणून त्याचे स्वतंत्र विवेचन आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) महामारीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांना जाणवणाऱ्या मानसिक त्रासाचे प्रकार स्पष्ट करणे. (२) बीड जिल्ह्यातील प्रत्यक्ष घटनांच्या आधारे या त्रासाची कारणे शोधणे. (३) कायदेशीर व शासकीय उपायांच्या मर्यादा दाखवून व्यवहार्य उपाययोजना सुचविणे. लेखासाठी जनगणना, कायदे, शासकीय योजना, प्रकाशित अभ्यास व वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या घटना या दुय्यम साधनांचा उपयोग करण्यात आला असून विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. आरोग्य कर्मचाऱ्याचा मानसिक त्रास ही त्याची व्यक्तिगत दुर्बलता नसून बहुतांशी तो कामाच्या परिस्थितीचा परिणाम आहे, आणि म्हणून त्यावरील उपायही प्रामुख्याने संस्थात्मकच असले पाहिजेत, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीड जिल्ह्याची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ असून सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा प्रदेश अवर्षणाने ग्रासलेला असल्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हे मजूर साखर कारखान्यांच्या परिसरातच अडकून पडले. एप्रिलच्या मध्यास राज्य शासनाने आरोग्य तपासणीच्या अटीवर त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. परतणाऱ्यांची नोंद, तपासणी आणि विलगीकरणावर देखरेख हे काम गावपातळीवर आरोग्यसेविका व आशा यांच्याकडे आले. म्हणजेच जिल्ह्यातील रुग्णालये भरण्यापूर्वीच गावातील आरोग्य कर्मचारी महामारीच्या कामाला जुंपली गेली होती.

जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत अंबाजोगाईचे स्थान विशेष आहे. येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले आणि ग्रामीण भागातील आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. बीड येथील जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे हे रुग्णालय या दोन संस्थांवर गंभीर रुग्णांचा मुख्य भार पडला. हा भार हलका करण्यासाठी अंबाजोगाईजवळील लोखंडी सावरगाव येथील आरोग्य संकुलात कोविड रुग्णालय सुरू करण्यात आले. हे संकुल मुळात वृद्धत्व व मानसिक आजारांवरील उपचारांसाठी आणि स्त्री रुग्णालयासाठी उभारलेले होते. मनाच्या आजारांसाठी राखलेली जागा श्वसनाच्या आजारासाठी वापरावी लागणे हा तत्कालीन गरजेचा भाग होता, त्यात कोणाचा दोष नाही. तथापि संकटकाळात मानसिक आरोग्याला किती सहज मागे सरकावे लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मानसिक त्रासाचे स्वरूप

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक त्रासाविषयी बोलताना 'ताण' हा एकच शब्द सर्वत्र वापरला जातो. त्यामुळे भिन्न स्वरूपाच्या गोष्टी एकत्र मिसळतात व उपाय चुकतात. निदान चार प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार चिंता व निद्रानाशाचा होय. संसर्गाची आणि घरच्यांना तो होण्याची भीती हे त्याचे मूळ असते. धोका कमी होताच ही चिंता बहुतेकांमध्ये ओसरते. दुसरा प्रकार नैराश्याचा. सतत उदास वाटणे, कशातही रस न वाटणे, भूक व झोप बिघडणे, स्वतःला निरुपयोगी मानणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली तर तज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो. तिसरा प्रकार 'बर्नआऊट' या नावाने ओळखला जातो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा मानसशास्त्रात आणली आणि ख्रिस्टिना मास्लाक यांनी ती मोजण्याचे साधन विकसित केले. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी अलिप्तता अथवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव, अशी तिची तीन अंगे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआऊटची नोंद 'आजार' म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून केलेली आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे दोष माणसावरून कामाच्या रचनेकडे वळतो.

चौथा प्रकार 'नैतिक आघात' हा होय. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून ही संकल्पना मांडली. जे योग्य आहे असे मनोमन पटलेले असते ते करता न येणे, किंवा त्याच्या विरुद्ध कृती करावी लागणे, यातून होणारी जखम म्हणजे नैतिक आघात. भीती ओसरते, थकवा विश्रांतीने कमी होतो. परंतु अपराधभाव व लाज यांना विश्रांतीचे औषध पुरत नाही. महामारीत पुरेशी साधने नसताना कोणाला खाट द्यायची याचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना आणि नातेवाइकांना अखेरचे दर्शन नाकारावे लागणाऱ्या परिचारिकांना ही संकल्पना नेमकी लागू पडते.

या त्रासाची व्याप्ती लहान नाही. २०२० च्या प्रारंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात ५०.४ टक्के जणांमध्ये नैराश्याची, ४४.६ टक्के जणांमध्ये चिंतेची आणि ३४ टक्के जणांमध्ये निद्रानाशाची लक्षणे आढळली. त्यांत स्त्रिया, परिचारिका व प्रत्यक्ष रुग्णसेवेतील कर्मचारी यांच्यातील लक्षणे अधिक तीव्र होती. प्रश्नावलीत आढळलेली लक्षणे म्हणजे आजाराचे निदान नव्हे, हे लक्षात घेऊनही हे आकडे दुर्लक्षित करण्याजोगे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडमुळे मृत्युमुखी पडले. सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी त्याच कक्षात पाळीवर जाणे म्हणजे काय, हे या आकड्यांवरून समजू शकते.

बीड जिल्ह्यातील ताणाची कारणे

(१) संसर्गाची भीती आणि सामाजिक दुरावा : महानगरात परिचारिकेला शेजारी सहसा नावाने ओळखत नाहीत. गावात मात्र आशा ही कोणाची सून, कोणाची जाऊ, कोणाची भावजय असते. संशयिताची नोंद करून त्याला विलगीकरणात पाठविणारी ती असल्याने रोगाची भीती आणि विलगीकरणाचा राग हे दोन्ही तिच्या वाट्याला येतात. कामावरून परतल्यावर अंगणातच कपडे बदलणे, लेकरांना जवळ न घेणे, घरातील वृद्धांपासून दूर झोपणे हे नियम दोन खोल्यांच्या घरात पाळणे कठीण असते. ज्या नात्यागोत्यांचा संकटकाळी आधार मिळावयाचा तीच या काळात दूर सारावी लागली, हे ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्याच्या ताणाचे वैशिष्ट्य आहे.

(२) शारीरिक श्रम व हवामान : उन्हाळ्यात मराठवाड्याचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. अशा हवेत संपूर्ण शरीर झाकणारा पीपीई किट घालून पाणी न पिता व स्वच्छतागृहात न जाता कित्येक तास काम करणे हा देहाचा छळच होय. मासिक पाळीच्या दिवसांत परिचारिकांसाठी हा त्रास दुप्पट होता. शारीरिक थकवा आणि मानसिक थकवा यांमधील सीमा अशा स्थितीत पुसट होते.

(३) मृत्यूचे ओझे आणि नैतिक आघात : दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, अंबाजोगाईच्या दोन घटनांची नोंद देशभरातील वृत्तपत्रांनी घेतली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जागेच्या अभावी आठ मृतदेहांवर एकाच चितेवर अंत्यसंस्कार करावे लागले. त्यानंतर २५ एप्रिल रोजी बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानभूमीकडे नेण्यात आले. रुग्णवाहिकांची संख्या अपुरी असल्याचे स्पष्टीकरण रुग्णालय प्रशासनाने दिले. या घटनांवर संताप व्यक्त होणे स्वाभाविकच होते. परंतु ते बावीस देह गुंडाळणारे, उचलणारे, रचणारे, वाहून नेणारे आणि अग्नी देणारे हात कर्मचाऱ्यांचे होते, ही बाब त्या संतापात मागे पडली.

आपल्या समाजात मृतदेहाचा मान राखणे हे धर्मकर्तव्य मानले जाते. शत्रूच्याही देहाची विटंबना करू नये अशी शिकवण ज्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेली असते, त्यांनाच परिस्थितीने हे काम करावयास लावले. त्यांनी वाहनांची संख्या ठरविली नव्हती, चितेची जागा निवडली नव्हती. तरीही लोकांच्या दृष्टीने आणि कित्येकदा स्वतःच्याही दृष्टीने तेच त्या कृतीचे कर्ते ठरतात. निर्णयाचा अधिकार एकाकडे आणि कृतीची लाज दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. नैतिक आघाताचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याची गरज नाही. शिवाय हा आघात सर्वाधिक ज्यांच्यावर होतो ते कक्षसेवक, सफाई कामगार व नगरपरिषदेचे कर्मचारी मानसिक आरोग्याच्या चर्चेत क्वचितच येतात. चर्चा बहुधा डॉक्टर व परिचारिका यांच्यापाशीच थांबते.

(४) नोकरीची अनिश्चितता : वाढत्या रुग्णसंख्येला तोंड देण्यासाठी मोठ्या संख्येने कंत्राटी कर्मचारी नेमले गेले. लाट ओसरू लागताच त्यांच्यापुढे बेरोजगारीचा प्रश्न उभा राहिला. १८ जून २०२१ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या बीड दौऱ्याच्या वेळी सेवेत कायम ठेवण्याच्या मागणीसाठी कोविड केंद्रांतील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठीमार केला. प्रत्येक पदाला मुदत असते व शासनाच्या आर्थिक मर्यादाही खऱ्या असतात, हे मान्य केले तरी मानसशास्त्रीय दृष्टीने या घटनेचा अर्थ गंभीर आहे. आपण पत्करलेल्या धोक्याची समाजाने दखल घेतली, या जाणिवेमुळे आघातातून सावरणे सोपे होते. दखलीऐवजी उपेक्षा वाट्याला आली की पूर्वी सोसलेले कष्टही निरर्थक वाटू लागतात.

(५) मानधन आणि दर्जा यांतील विसंगती : आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. आशा ही नियमित कर्मचारी नसून कामावर आधारित मोबदला घेणारी स्वयंसेविका मानली जाते. महामारीत तिच्या कामाचे तास व जबाबदारी नियमित कर्मचाऱ्यासारखी झाली, दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी जाऊन तपासणी करण्याच्या कामात आशा अग्रभागी होत्या. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशांच्या संघटनांनी संप पुकारला आणि त्यानंतर मासिक मोबदल्यात वाढ मान्य झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. जगाने गौरवलेल्या कामासाठी संप करावा लागणे ही विसंगती त्या स्त्रियांच्या आत्मसन्मानावर परिणाम केल्याशिवाय राहत नाही.

(६) 'कोरोना योद्धा' या प्रतिमेचा भार : २२ मार्च २०२० रोजी देशभर टाळ्या व थाळ्या वाजवून आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्यात आली. भावना प्रामाणिक होती. परंतु 'योद्धा' या शब्दात एक अडचण आहे. योद्ध्याने भ्यायचे नसते, रडायचे नसते, माघार घ्यायची नसते. त्यामुळे ज्याला रात्री झोप लागत नाही, तो ती गोष्ट बोलून दाखविण्यास कचरतो. महाराष्ट्रात सेवेला त्यागाची थोर परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या त्यागाचे स्मरण आवश्यकच आहे. परंतु त्यागाची अपेक्षा करणाऱ्या समाजाने सेवा करणाऱ्याचे रक्षण करण्याची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे.

कायदेशीर व शासकीय उपाय आणि त्यांच्या मर्यादा

१८९७ च्या प्लेगच्याच काळात झालेल्या साथरोग कायद्यात एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाद्वारे व सप्टेंबर २०२० मध्ये कायद्याद्वारे दुरुस्ती करण्यात आली. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी तीन महिने ते पाच वर्षे, तर गंभीर दुखापतीसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद झाली. कर्मचाऱ्याचे राहणे व काम करणे अशक्य करणारा छळही 'हिंसा' या संज्ञेत अंतर्भूत झाला, ही जमेची बाजू होय. मात्र हे संरक्षण साथीच्या काळापुरतेच आहे. एरवी महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्तींवरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा लागू असतो.

प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजअंतर्गत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण मार्च २०२० मध्ये जाहीर झाले व त्यात आशांचाही समावेश होता. परंतु कोविडमुळे झालेला मृत्यू किंवा कोविड कर्तव्यावरील अपघाती मृत्यू एवढ्यापुरतेच ते मर्यादित होते. जो वाचला पण मनाने खचला, त्याच्यासाठी या योजनेत काही नव्हते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा प्रत्येक नागरिकाला मानसिक उपचारांचा हक्क देतो आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे बजावतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात राबविला जात आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही १४४१६ या क्रमांकाची विनाशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध झाली. या सर्व उपायांचा एक समान धागा असा की, मदत मागण्याची जबाबदारी पीडित व्यक्तीवरच टाकलेली आहे. ज्या सेवेत मदत मागणे हेच कमीपणाचे मानले जाते, तेथे असे उपाय कागदावर राहण्याचा धोका असतो.

उपाययोजना

(१) पाळ्यांचे नियोजन : संकटकाळासाठी राखीव मनुष्यबळाची यादी आधीच तयार असावी व सलग कामाच्या तासांवर मर्यादा असावी. झोप आणि सुटी हाच मानसिक आरोग्याचा पहिला उपाय होय.

(२) जोडीदार पद्धत : प्रत्येक पाळीत दोन कर्मचाऱ्यांनी परस्परांच्या स्थितीकडे लक्ष द्यावे. खर्च नसलेली ही पद्धत ग्रामीण रुग्णालयात सहज राबविता येते.

(३) सक्तीच्या एकाच बैठकीऐवजी सातत्यपूर्ण आधार : दुर्घटनेनंतर सर्वांना एकदाच बसवून अनुभव बोलावयास लावणे उपयुक्त ठरत नाही, असे अभ्यासांतून पुढे आले आहे. त्याऐवजी काही आठवडे विचारपूस, गरजूंची ओळख आणि गोपनीय समुपदेशन हा मार्ग अधिक योग्य ठरतो. समुपदेशक शक्यतो त्याच रुग्णालयातील वरिष्ठ नसावा.

(४) निर्णयाची सामूहिक जबाबदारी : खाट, प्राणवायू व अंत्यविधी यांविषयीचे कठीण निर्णय लेखी नियमांनुसार समितीने घ्यावेत, जेणेकरून एकट्या कर्मचाऱ्यावर अपराधाचे ओझे येणार नाही. नैतिक आघात टाळण्याचा हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

(५) सर्व श्रेणींचा समावेश : शवागारातील कर्मचारी, वाहनचालक, सफाई कामगार, कंत्राटी कर्मचारी व आशा यांना समुपदेशन, रजा व विमा यांचा लाभ समान मिळावा.

(६) महाविद्यालयांचा सहभाग : महामारीत अनेक ठिकाणी वसतिगृहे विलगीकरणासाठी वापरली गेली आणि शिक्षकांनी सर्वेक्षणाची कामे केली. महाविद्यालये या प्रश्नापासून दूर नाहीत. बीडमधील वर्गांत आशांच्या व परिचारिकांच्या मुली-मुले बसतात. मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अनुभवांचे मौखिक संकलन, नाव गुप्त ठेवून, हाती घ्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण समाविष्ट करावे. पुढील संकटात ही नोंद व हे प्रशिक्षणच उपयोगी पडेल.

समारोप

बीड जिल्ह्यातील अनुभवावरून असे दिसते की, आरोग्य कर्मचाऱ्यांचा मानसिक त्रास रोगाच्या भीतीपुरता मर्यादित नव्हता. सामाजिक दुरावा, अपुरी साधने, अनिश्चित नोकरी आणि आपल्या मूल्यांविरुद्ध करावे लागलेले काम ही त्याची खरी कारणे होत. यांतील बहुतेक कारणे माणसांनी निर्माण केलेली असल्याने ती माणसांना दूरही करता येतात. महामारी संपली असली तरी त्या काळात चितेपाशी उभे राहिलेले कर्मचारी आजही त्याच गावांत राहतात आणि यांतील अनेक जण त्याच रुग्णालयांत काम करतात. त्यांच्या मनाची विचारपूस करणे हे उपकाराचे काम नाही. पुढील साथीत रुग्णाच्या उशाशी कोणी उभे राहावे अशी अपेक्षा असेल, तर ती समाजाची स्वतःची गरज आहे.